चित्रकथ्याची पोथी

बदलापूरच्या पश्चिमेस असलेल्या मांजर्लीपासून कांहीं मैलांवर, वालधुनी नदीच्या कांठीं, अंबरनाथाचें शिवालय उभें आहे. शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तेथें सांपडलेला असल्यामुळें या देवळाचें वय साडेनऊशें वर्षांच्या पलीकडे गेलें आहे. त्याच्या बाहेरील भिंतींवर देव, देवांगना, महिषासुराचें मर्दन करणारी देवी, शिवाचीं नाना रूपें अशी मूर्तींची इतकी दाटी आहे कीं, प्रदक्षिणा घालणाऱ्याचीं पावलें आपोआप मंदावतात. ज्याला अक्षरओळख नव्हती अशा शेतकऱ्यालाहि पुराणें ऐकून ठाऊक असत, आणि कानांनीं ऐकलेलें पुराण तो येथें डोळ्यांनीं पडताळून पाही.

परंतु दगडाला एक मर्यादा आहे. तो जागचा हलत नाहीं. कथा पाहावयाची तर मनुष्यानेंच देवळापर्यंत चालत गेलें पाहिजे. शिवाय भिंतीवरील मूर्ति कथेंतला एखादाच क्षण दाखविते. त्याच्या आधीं काय घडलें व पुढें काय घडणार हें सांगणारा कोणी शेजारीं नसेल तर ती मुकीच राहते. कथेचे सारे क्षण ओळीनें दाखवावयाचे, आणि तेहि लोकांच्या गांवीं जाऊन, तर दगड सोडून कापडाकडे व कागदाकडे वळणें प्राप्त होतें. हें काम ज्यांनीं पिढ्यान्‌ पिढ्या केलें त्यांना महाराष्ट्रांत चित्रकथी म्हणतात. आज मुलांच्या हातांत असलेलें रामायण-महाभारताचें रंगीत चित्रपुस्तक आणि कोंकणांतील चित्रकथ्याची पोथी या दोहोंचें काम एकच आहे: जुन्या ग्रंथांतील कथा चित्रामागून चित्र मांडून सांगणें. असें असूनहि या दोघांची गांठ कधीं पडली नाहीं. ती कां पडली नाहीं, आणि हातानें काढलेल्या मूळ चित्राची या सगळ्यांत काय गत झाली, हें पाहण्यासारखें आहे.

चित्र दाखवून कथा सांगण्याचा धंदा या देशांत फार जुना आहे. सातव्या शतकांतील बाणभट्टानें आपल्या हर्षचरितांत त्याचें एक हृद्य चित्र रेखाटलें आहे. पित्याच्या आजाराची वार्ता ऐकून राजपुत्र हर्ष घाईनें राजधानीस परत येतो, तेव्हां बाजाराच्या रस्त्यांत त्याला एक यमपट्टिक दिसतो. त्याच्या एका हातांत यमलोकाचें चित्र काढलेला पट आहे, दुसऱ्या हातांत बोरूची काडी आहे, आणि भोंवतीं कुतूहलानें जमलेलीं पोरें आहेत. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकांत तर चाणक्याचा एक हेर असाच यमपट घेऊन घरोघर फिरतो, आणि त्या फेरींतच राक्षसाची मुद्रा त्याच्या हातीं लागते. हेरानें हेंच सोंग कां घ्यावें? कारण पट घेऊन येणारा मनुष्य कोणत्याहि दारीं उभा राहिला तरी त्याचा कोणाला संशय येत नसे. त्या धंद्याची समाजांत किती सवय झालेली होती, याचा याहून चांगला पुरावा शोधावयास नको.

पुढें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें मानसोल्लास हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. राजानें कोणकोणते विनोद करावे, काय खावें, काय ऐकावें याची त्यांत बारीक हकीकत आहे. आणि तींत चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचाहि उल्लेख येतो. अंबरनाथच्या देवळाचें बांधकाम व हा ग्रंथ यांच्यामध्यें जेमतेम सत्तर वर्षांचें अंतर आहे. म्हणजे ज्या काळांत पाथरवट दगडावर पुराण कोरीत होता, त्याच काळाच्या आसपास चित्रकथक तेंच पुराण बगलेंत मारून गांवोगांव नेत होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ही परंपरा महाराष्ट्रांत आजहि जेथें पाहावयास मिळते तें ठिकाण म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कुडाळजवळचें पिंगुळी हें गांव. तेथील ठाकर समाजानें ती जतन केली. कळसूत्री बाहुल्या नाचविणें, चामड्याच्या बाहुल्यांनीं पडद्यावर सांवल्यांचा खेळ करणें आणि चित्रें दाखवून कथा गाणें, या तिन्ही विद्या त्या समाजांत एकत्र नांदत आल्या. सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्याचा त्यांना आश्रय मिळाला, आणि देवळांतील उत्सवप्रसंगीं कथा लावण्याचा मान त्यांच्याकडे चालत राहिला.

चित्रकथ्याच्या सगळ्या संसाराचें मर्म त्याच्या पोथींत असतें. पोथी म्हटलें कीं डोळ्यांपुढें लांबट पानें आणि त्यांवरील बाळबोध ओळी येतात. परंतु या पोथींत वाचावयाची कथा नसते. ती सुट्या चित्रांची चळत असते. एक कथा म्हणजे एक पोथी, आणि एका पोथींत तीस, चाळीस, कधीं पन्नासावरहि चित्रें. प्रत्येक कागद सुमारें एक फूट उंचीचा व त्याहून थोडा अधिक लांब. दोन चित्रें पाठीला पाठ लावून एकमेकांस चिकटविलेलीं असतात. या युक्तींत कामाचा मोठा शहाणपणा आहे. एकेरी कागद हातांत धरला असतां लवतो, कोंकणच्या दमट हवेंत तर लवकरच मलूल होतो. दुहेरी झाला म्हणजे त्याला ताठपणा येतो. एक बाजू दाखवून झाली कीं कागद उलटावयाचा, लगेच कथेंतला पुढचा प्रसंग समोर उभा राहतो. शिवाय उलटावयाच्या पानांची संख्याहि निम्मी होते.

कथा बसते ती अशी. मुख्य कथेकरी जमिनीवर बसतो, पुढ्यांत फळीला टेकवून पोथी उभी करतो, आणि त्याच्या बाजूस एक-दोन साथीदार बसतात. वीणा, टाळ व हुडुक एवढींच काय तीं वाद्यें. आरंभीं गणपति व शारदा यांचीं चित्रें पुढें येतात, कारण मंगलाचरणावांचून कथेला तोंड लागत नाहीं. मग एकेक चित्र उघडत जातें. कथेकरी पद म्हणतो, साथीदार झील धरितात. पद संपलें कीं तो गद्यांत निरूपण करूं लागतो, पात्रांचे संवाद वेगवेगळ्या आवाजांत बोलतो, आणि हात चित्रावरून फिरवीत, हा राम, हा मारुति, ही अशोकवनांतली सीता, असें दाखवीत जातो. दिव्याच्या हलत्या उजेडांत रंग कमीजास्त होतात, आणि कागदावरील राक्षसाचा वटारलेला डोळा समोर बसलेल्या पोरांकडेच पाहतो आहे असें वाटूं लागतें.

या प्रकारांत चित्र व वाणी यांचें नातें ध्यानांत घेण्यासारखें आहे. चित्रानें सगळें सांगितलें तर कथेकऱ्याला काम उरत नाहीं. वाणीनें सगळें सांगितलें तर चित्र उघडण्याची गरज राहत नाहीं. म्हणून चित्र स्थळ, पात्रें व प्रसंग तेवढे धरून ठेवतें, आणि काळ पुढें सरकविण्याचें काम वाणी करते. एकाच चित्रावर कथेकरी चार घटका रमूं शकतो, आणि लोक पेंगूं लागलेले दिसले तर तीन चित्रें भराभर उलटून युद्धाला हात घालूं शकतो. छापील पुस्तकांत हें स्वातंत्र्य वाचकाच्या बोटांना असतें. येथें तें कथेकऱ्याच्या हातांत होतें.

चित्रें काढण्याची तऱ्हाहि या कामाला साजेशीच आहे. पार्श्वभूमि बहुधा रिकामी; आकाश, क्षितिज, दूरचे डोंगर यांचा पसारा नाहीं. पात्रें कागदाच्या उंचीला भिडणारीं, चेहरे बहुतेक एका बाजूनें दिसणारे, डोळा मात्र मोठा व टपोरा. लाल, तपकिरी, पिवळा, हिरवा व काळा असे मोजके रंग. युद्धाचा प्रसंग आला कीं एका कडेला एक वीर, दुसऱ्या कडेला दुसरा, आणि मधल्या मोकळ्या जागेंत एकमेकांस भिडणारे बाण. मागच्या रांगेंत बसलेल्या म्हातारीलाहि कोण कोणाशीं लढतो आहे हें दिव्याच्या उजेडांत कळलें पाहिजे, ही त्या चित्रकारापुढची अट होती. ती ध्यानांत घेतली म्हणजे ज्याला अडाणीपणा म्हणून नांवें ठेवलीं गेलीं तो साधेपणा वस्तुतः धंद्यांतील जाणतेपणा होता हें उमगतें.

याच जातीचीं चित्रें पैठण येथेंहि मिळालीं, आणि म्हणून अशा चित्रांना पैठणी शैलीचीं चित्रें असें नांव पडलें. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत तीं पाहावयास मिळतात. अज्ञातवासी या नांवानें कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनीं (१८९६–१९९०) आयुष्यभर घरोघर हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे अशा नित्याच्या वस्तु गोळा केल्या, आणि १९७५ सालीं सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पैठणी चित्रांतील आकृतींची ठेवण कर्नाटक व आंध्र यांकडील चामड्याच्या बाहुल्यांची आठवण करून देते. ज्या हातांना बाहुली कापण्याची संवय तेच हात कागदावर चालले असतील, ही कल्पना पिंगुळीच्या ठाकरांकडे पाहिल्यास मुळींच दूरची वाटत नाहीं.

कथांची निवडहि मनोरंजक आहे. सीताशुद्धि, लंकादहन, इंद्रजिताचा वध हे प्रसंग वाल्मीकीचे खरे; परंतु अहिरावण-महिरावणाची पाताळांतील कथा वाल्मीकीच्या रामायणांत नाहीं. अभिमन्यूच्या लग्नाचें वत्सलाहरण व्यासांच्या महाभारतांत शोधूं गेल्यास हातीं लागत नाहीं. या कथा लोकांनीं व देशभाषांतील कवींनीं वाढविल्या. श्रीधरानें इ. स. १७०३ मध्यें रामविजय व १७१२ मध्यें पांडवप्रताप रचून घराघरांत पोथ्या वाचण्याचें वेड लाविलें. त्या वाचनावर पोसलेल्या समाजाला संस्कृत मूळ कोणतें व मागाहून आलेलें कोणतें, हा प्रश्न पडलाच नाहीं. चित्रकथ्याला श्रोत्यांच्या जिव्हाळ्याची कथा हवी होती, आणि तीच त्यानें रंगविली.

आतां मूळ चित्राकडे वळावें. आजच्या चित्रसंग्राहकाला ऐकून धक्का बसेल अशी एक रीत या लोकांत होती. पोथी जीर्ण झाली, कागद फाटले, रंग उडाले, म्हणजे ती अडगळींत पडूं देत नसत आणि विकीतहि नसत. ज्या चित्रांपुढें दिवा लावला, ज्यांतील गणपतीला नमस्कार केला, तीं देवासमानच. म्हणून तीं विधिपूर्वक पाण्यांत विसर्जित करावयाचीं, आणि कथा पुढें चालविण्यासाठीं नवीं चित्रें काढावयाचीं. गणेशचतुर्थीची मूर्ति विसर्जन करणाऱ्या महाराष्ट्राला यांतली भावना समजावून सांगण्याची जरूर नाहीं. कागद नाशवंत आहे हें त्यांनीं गृहीत धरलें होतें. हात आणि गळा टिकला म्हणजे पोथी टिकली, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब बापाकडून मुलाकडे विद्या जात होती तोंवर अचूक होता. एक पिढी जरी मधून निसटली तरी मात्र तो सगळाच चुकणार होता, आणि विसाव्या शतकांत तसेंच घडत आलें.

याचें कारण एक नव्हतें. १८५७ सालीं मुंबईंत जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें कलाशाळा निघाली, आणि छायाप्रकाश व दूरत्व यांचें शिक्षण घेतलेले चित्रकार तींतून बाहेर पडूं लागले. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. त्या छापखान्यानें लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांना थोड्या पैशांत भिंतीवर आणून बसविलें. देवाचें रूप कसें असावें याची कल्पनाच त्यामुळें पालटली. बाजूनें दिसणारा, टपोऱ्या डोळ्यांचा राम मागें पडला, आणि गुबगुबीत गालांचा, मखमली वस्त्रांचा राम घरोघर पुजला जाऊं लागला. १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र लागला. फाळके याच कलाशाळेंत शिकलेले व छपाईच्या धंद्यांतून आलेले होते. अंधारांत बसलेल्या लोकांपुढें चित्रामागून चित्र सरकवून पुराण सांगण्याचें चित्रकथ्याचें कामच जणूं त्यांनीं यंत्राच्या हवालीं केलें. कोंकणांतला चाकरमानी मुंबईस हें सारें पाहून परत येई, तेव्हां देवळांतील हुडुकाच्या आवाजाला त्याचा पूर्वीचा कान उरत नसे.

याच संधिकाळांत एका संस्थानिकाचें काम मुद्दाम आठवण्यासारखें आहे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) सूर्यनमस्कारांच्या प्रसारामुळें सर्वांना ठाऊक आहेत. परंतु ते स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारहि होते. त्यांनीं रामकथेवर चित्रें काढलीं व १९१६ सालीं तीं चित्ररामायण म्हणून छापून प्रसिद्ध झालीं. पुण्याचें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ त स्थापन झालें, आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याचा विचार निघाला तेव्हां बाळासाहेबांनीं एक लाख रुपये देऊं केले. तेवढ्यावर न थांबतां त्या आवृत्तीसाठीं त्यांनीं स्वतः चित्रेंहि काढलीं. तीं प्राचीन नमुन्यांवरून काढलेलीं आहेत, असें त्या खंडांच्या मुखपृष्ठावर नमूद आहे. रविवर्म्याच्या भरजरी शालूंची चटक समाजाला लागलेली असतां, पांडवांच्या अंगावर वस्त्रें व अलंकार कोणते घालावे हें ठरविण्यासाठीं हा राजा जुन्या शिल्पांकडे वळला. म्हणजे कागद पुन्हां एकदां दगडाला विचारावयास गेला. परंतु त्या आवृत्तीचें कामच असें कीं, मागाहून शिरलेला भाग निवडून वेगळा करावयाचा. चित्रकथ्यानें जिवापाड रंगविलेल्या लोककथांना तेथें जागा मिळणें शक्य नव्हतें. ती आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. विद्वानांचें महाभारत सिद्ध झालें, आणि पिंगुळीचें महाभारत आपल्या जागीं एकटेंच राहिलें.

त्यानंतर वर्षभरानें, १९६७ सालीं, मुंबईंत अनंत पै यांनीं इंडिया बुक हाउसच्या द्वारें अमर चित्र कथा या मालेच्या कामास हात घातला. मुलांना परदेशी कथा ठाऊक, पण रामाच्या आईचें नांव सांगतां येत नाहीं, ही खंत त्याच्या मुळाशीं होती. या मालेंतील पुराणकथांचा आरंभ कृष्ण या पुस्तकानें झाला आणि त्याचीं चित्रें राम वाईरकर यांनीं काढलीं. पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम यांसारखे मराठी चित्रकार या मालेचे आधारस्तंभ ठरले. रामायण-महाभारताबरोबरच कालिदासाची शकुंतला व मालविका, भासाची वासवदत्ता, हर्षाची रत्नावली, शूद्रकाची वसंतसेना अशा संस्कृत नाटकांतील नायिका या पुस्तकांतून मुलांच्या ओळखीच्या झाल्या. पुढें १९८५ पासून सबंध महाभारत बेचाळीस भागांत निघालें, आणि त्यांतील बरेंच चित्रकाम दिलीप कदम यांचें आहे. बेचाळीस अंक, प्रत्येकांत तीसएक पानें, प्रत्येक पानावर चार-सहा चौकटी, आणि चौकटीचौकटींत तोच भीम त्याच चेहऱ्याचा दिसला पाहिजे! हें काम चित्रकथ्याच्या कामाहून कष्टाला तिळभरहि कमी नव्हे.

तथापि मालेचें नांव चित्रकथा असलें तरी तिच्यांत चित्रकथ्याचा हात उतरला नाहीं. तिचे देव रविवर्म्याच्या घराण्यांतले, तिच्या चौकटींची मांडणी परदेशी चित्रपुस्तकांची, आणि तिच्या युद्धाची गति चित्रपटाची होती. याच बाबतींत जपानचा इतिहास शेजारीं ठेवून पाहण्यासारखा आहे. तेथें १९३० नंतरच्या काळांत कामिशिबाई नांवाचा खेळ रस्तोरस्तीं चाले. सायकलीवर लांकडी चौकट लावून कथेकरी येई, मुलांना गोळ्या विकी, आणि चौकटींत एकामागून एक चित्रें सरकवून कथा सांगे. आपल्या चित्रकथ्याच्या कागदामागें दुसरें चित्र असतें. कामिशिबाईच्या चित्रामागें कथेचा मजकूर लिहिलेला असे. दूरचित्रवाणी आल्यावर तो धंदा बसला. परंतु त्यासाठीं चित्रें काढणारे मिझुकी शिगेरु, शिराटो सांपेइ यांसारखे लोक छापील चित्रकथांकडे वळले आणि त्या क्षेत्रांत थोर गणले गेले. तेथें रस्त्यावरचा हात छापखान्यांत पोंचला. आपल्याकडे पिंगुळीचा हात मुंबईच्या छापखान्याच्या दारापर्यंतहि गेला नाहीं. एक कला खेड्यांतील ठाकराची, दुसरी शहरांतील शिकलेल्या चित्रकाराची. दोघांमध्यें अंतर कांहीं शें मैलांचेंच होतें, पण तें जातीचें, शाळेचें आणि प्रतिष्ठेचेंहि होतें.

मूळ चित्राची मात्र दोन्हीकडे उपेक्षाच झाली, तीहि दोन निराळ्या रीतींनीं. चित्रकथ्याचें मूळ चित्र हेंच शेवटचें चित्र होतें. त्याची प्रत निघत नसे, आणि तें झिजेपर्यंत वापरलें जाई. चित्रपुस्तकाच्या चित्रकाराचें मूळ पान म्हणजे निव्वळ एक पायरी. पेन्सिलीनें आंखावयाचें, कुंचल्यानें शाईची रेघ मारावयाची, रंगांची व अक्षरांची जोड व्हावयाची, आणि छापखान्यांत त्याचे ठसे निघाले कीं पुस्तक लाखो हातांत जावयाचें. छापील पुस्तक जपून ठेवणारीं घरें पुष्कळ आहेत. पण ज्या कागदावर चित्रकाराच्या हाताचा दाब, खोडलेली रेघ, दुरुस्त केलेला डोळा दिसतो, त्या कागदाची चौकशी कोण करतो? मळवलीच्या रविवर्मा छापखान्याला १९७२ सालीं आग लागून तो भस्म झाला. घरोघरच्या भिंतींवरील तसबिरी राहिल्या. ज्या शिळांवरून त्या निघाल्या तें मूळ मात्र गेलें. प्रती वाढल्या म्हणजे मूळ सुरक्षित झालें, ही समजूत किती फसवी आहे हें त्यावरून कळावें.

पिंगुळींत मात्र कांहीं माणसें वेळीं जागीं झालीं. परशुराम विश्राम गंगावणे यांनीं आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्याचें रूप पालटून २००६ सालीं तेथें ठाकर आदिवासी कला अंगण हें संग्रहालय उभें केलें. जुनीं चित्रें, बाहुल्या, वाद्यें त्यांनीं तेथें मांडलीं, आणि त्याबरोबर खेळ करून दाखविण्याची व नव्या पोरांना शिकविण्याची वहिवाटहि चालू ठेवली. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राजवाड्यांत वा शहरांतील भव्य इमारतींत संग्रहालय असणें ही नित्याची गोष्ट आहे. परंतु ज्या अंगणांत चित्र रंगविलें जातें त्याच अंगणांत तें जपलें जावें, आणि जपणाऱ्यालाच त्याची पदेंहि मुखोद्गत असावीं, हा योग विरळा.

हा योग विरळा आहे म्हणूनच त्याची किंमत ओळखली पाहिजे. जुन्या पोथ्यांतील सुटीं चित्रें आज लिलावांत विकलीं जातात, आणि हौसेनें चौकट करून दिवाणखान्यांत लाविलीं जातात. यांत चित्राचा मान आहे खरा. परंतु पाठीला पाठ लावलेला कागद चौकटींत बसविला कीं मागचें चित्र कायमचें भिंतीकडे तोंड करून उभें राहतें. पुढच्या बाजूस मारुति समुद्रावरून उडी घेतो आहे, आणि तो लंकेंत उतरल्याचें चित्र पाठीमागें अंधारांत आहे, असा हा प्रकार. चाळीस चित्रांची पोथी चाळीस घरीं गेली तर चित्रें सगळीं वांचलीं असें म्हणतां येईल. कथा मात्र एकाहि घरीं पोंचली नाहीं.

म्हणून जुनी पोथी जेथें सांपडेल तेथें ती सबंध ठेवणें, तिच्या चित्रांचा अनुक्रम टिपून ठेवणें, आणि तिच्याबरोबर म्हणावयाचीं पदें जाणत्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून ठेवणें, हीं तीन कामें एकत्रच व्हावयास हवींत. चित्रपुस्तकांच्या चित्रकारांच्या मूळ पानांनाहि हाच न्याय लावला पाहिजे. राम वाईरकर २००३ सालीं व प्रताप मुळीक २००६ सालीं निवर्तले. त्या पिढीच्या हातचीं पानें जेथें कोठें असतील तेथें तीं छपाईची रद्दी नसून एका पिढीनें आपले ग्रंथ कसे पाहिले याची साक्ष आहेत. मुलाच्या हातीं चित्रांचें पुस्तक देतांना त्याच्या आंतल्या पानावर लहान अक्षरांत छापलेलें चित्रकाराचें नांव त्याला वाचून दाखविण्यास कांहीं खर्च येत नाहीं.

अंबरनाथच्या भिंतीवर छिन्नी चालविणाऱ्या कारागिरांचीं नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं नाहींत. त्यांच्या हाताची निशाणी मात्र साडेनऊशें पावसाळे सोसून उभी आहे. कागदाला इतकें आयुष्य नाहीं. त्याला पाणी, वाळवी, अग्नि आणि विस्मरण असे चार शत्रु आहेत, आणि त्यांपैकीं पहिल्या तिघांवर उपाय करण्याची बुद्धि होण्यासाठीं आधीं चौथ्याला जिंकावें लागतें. पिंगुळीच्या अंगणांत अजून हुडुक वाजतो, आणि गणपतीचें चित्र उलटून पुढचें चित्र समोर येतें. तें पाहावयास कोणी बसलेलें असेल तोंवर पोथी पुरी झालेली नाहीं.